जुन्या गाडीला नवे इंजिन : नागोयाच्या एका उस्तादाचा हिशेब

व्यापार पानावर मोटारगाडीचा लेख पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. त्यातून लिहिणारे आम्ही कापडवाले. पण जे पाहिले ते कारागिरीचे आणि हिशेबाचे होते, आणि त्यातला एक धडा आम्ही स्वतः पैसे मोजून शिकलो होतो. म्हणून ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवावेसे वाटले.

२०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही जपानला गेलो ते कापडासाठी. नागोया शहराच्या एका टोकाला अरिमात्सु नावाची जुनी वस्ती आहे. १६०८ साली वसलेली. तिथे कापड बांधून, टाके घालून, मग रंगात बुडवण्याचे काम चालते. जपानी लोक त्याला शिबोरी म्हणतात. आपली बांधणी ज्याने पाहिली आहे त्याला ते काम परके वाटत नाही. आमचा भाचा त्या भागात जुन्या गाड्यांच्या निर्यातीच्या धंद्यात नोकरीला आहे. तो भाषा जाणतो, म्हणून त्याला बरोबर घेतले होते.

अरिमात्सुच्या ज्या व्यापाऱ्याकडे आम्ही माल पाहिला तो वयाने साठीचा, बोलायला कमी. माल पाहून झाल्यावर भाच्याने सहज विचारले की आपली जुनी गाडी कुठे आहे. त्या गृहस्थाचा चेहरा एकदम बदलला. म्हणाला, "ती दवाखान्यात आहे. चला, दाखवतो." अशा रीतीने आम्ही कापडाच्या दुकानातून मोटारीच्या कारखान्यात पोहोचलो.

गाडी कोणती होती

ती गाडी म्हणजे टोयोटाची स्प्रिंटर ट्रुएनो. तिच्या जोडीची बहीण कोरोला लेव्हिन. दोघींचा कंपनीतला सांकेतिक नंबर एकच, ए-ई-८६. जपानी भाषेत आठ म्हणजे हाची आणि सहा म्हणजे रोकु, म्हणून सगळे तिला 'हाचिरोकु' म्हणतात. १९८३ च्या मे महिन्यात ती बाजारात आली आणि १९८७ पर्यंत बनत राहिली. ट्रुएनोचे पुढचे दिवे बटण दाबल्यावर वर उघडतात, लेव्हिनचे दिवे कायम बसवलेले. बाकी हाडे एकच.

या गाडीत मोठे असे काही नव्हते. इंजिन १,५८७ सीसीचे, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, ताकद १३० अश्वशक्ती. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. पण एक गोष्ट वेगळी होती. त्या पिढीत कोरोला घराण्यातल्या बाकीच्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना देण्यात आली. हिची मात्र मागच्याच चाकांना राहिली. हलकी गाडी, वर फिरायला उत्सुक इंजिन आणि मागच्या चाकांना जोर. डोंगराच्या वळणावर ती चालवणाऱ्याच्या हाताला बरोबर जाब देते. घाटात आणि शर्यतीत ही गाडी चालवूनच केइइची त्सुचिया या चालकाचे नाव झाले.

नवी होती तेव्हा ती साध्या माणसाच्या ऐपतीतली गाडी होती. पुढे १९९५ मध्ये 'इनिशियल डी' नावाची चित्रकथा सुरू झाली. तिच्यात टोफू विकणाऱ्याचा मुलगा पहाटे याच गाडीतून माल पोहोचवतो आणि घाटात भल्याभल्यांना मागे टाकतो. त्या कथेतही गाडीचे मूळ इंजिन फुटते आणि बाप दुसरे बसवतो. कथा जगभर गेली आणि तिच्यामागे या गाडीची मागणीही गेली. जी गाडी एके काळी कोणी भंगारात देत होते, तिच्यासाठी आज लोक रांगेत उभे राहतात.

आमच्या यजमानाने ती १९८५ मध्ये नवी घेतली होती. कथा-बिथा काही नव्हती तेव्हा. मागची सीट पाडून त्यात कापडाचे नमुने टाकायचे आणि ओसाका-क्योतोच्या व्यापाऱ्यांकडे जायचे, यासाठी घेतली. म्हणजे आमच्याच बिरादरीची गाडी. तेहतीस वर्षे त्याने ती विकली नाही.

रोग आणि तीन इलाज

कारखाना लहान होता. एक उस्ताद, दोन शागीर्द. गाडी पार उघडी केलेली. काच, दारे, सीट, वायरिंग सगळे वेगळे. प्रत्येक वस्तूला कागदाची चिठ्ठी. नट-बोल्टसुद्धा लहान पिशव्यांत, वर तारीख आणि जागा लिहिलेली. आमच्या गोदामात गाठींना इतक्या नीट चिठ्ठ्या नसतात, हे आम्हाला तिथे उभ्या उभ्या कबूल करावे लागले.

उस्तादाने आधी पत्रा दाखवला. मागच्या चाकांच्या वरची कमान आणि दाराखालची पट्टी गंजाने खाल्लेली होती. वरून रंग चांगला होता. कोणीतरी पूर्वी गंजावर लांबी भरून रंग मारला होता. उस्तादाने सगळी लांबी खरवडून, गंजलेला पत्रा कापून, तेवढ्याच मापाचा नवा तुकडा जोडायला घेतला होता. म्हणाला, "लांबी भरून दिली असती तर दोन पावसाळे गेले असते. मग तो पुन्हा माझ्याकडे आला नसता, दुसऱ्याकडे गेला असता, आणि माझे नाव सांगितले असते."

मग इंजिन. सिलिंडर झिजलेले, आणि एका ठिकाणी भिंतीला खोल ओरखडा. मूळ बोर ८१ मिलिमीटरचा. ओरखडा इतका खोल की बोर वाढवून निघेल की नाही याची खात्री नव्हती. मालकासमोर तीन रस्ते होते, आणि उस्तादाने तिन्ही कागदावर लिहून दिले होते.

पहिला रस्ता : मूळच्याच जातीचे इंजिन पुन्हा बांधायचे. चांगला ब्लॉक शोधायचा, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे, हेडची वॉल्व्ह सीट घासून बसवायची. गाडी होती तशी राहील. पण सुट्या भागांचा शोध लांबणार आणि खर्च सर्वांत जास्त.

दुसरा रस्ता : त्याच घराण्याचे पुढच्या पिढीचे इंजिन. टोयोटाने १९९१ मध्ये त्याच १,५८७ सीसीत वीस वॉल्व्हचे इंजिन काढले, सिलिंडरमागे पाच वॉल्व्ह, ताकद १६०. १९९५ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली, १६५ ताकदीची. वरच्या झाकणाच्या रंगावरून लोक पहिल्याला चंदेरी आणि दुसऱ्याला काळे म्हणतात. जुन्या गाड्यांतून निघालेली ही इंजिने बाजारात मिळत होती.

तिसरा रस्ता : परके इंजिन. होंडाने १९९९ मध्ये एस-२००० गाडीत दोन लिटरचे इंजिन दिले, ताकद २५०. तरुण मंडळी ते इंजिन या गाडीत बसवतात. म्हणजे गाडीची ताकद जवळजवळ दुप्पट.

आमचा भाचा लगेच म्हणाला, "मामू, तिसरा! अडीचशे घोडे!" उस्ताद हसला आणि त्याने जे सांगितले ते प्रत्येक यंत्रवाल्याने ऐकण्यासारखे आहे.

तो म्हणाला, इंजिन दुप्पट ताकदीचे बसवले की जुना गिअरबॉक्स ती ताकद पेलत नाही, तो बदला. मग मागचा आस आणि डिफरन्शियल रडू लागतो, तो बदला. मग गाडी पळते पण थांबत नाही, ब्रेक बदला. ब्रेक बदलले की चाके बदला. पत्रा तेहतीस वर्षांचा, त्याला ताण नवा. म्हणून आतून सळ्यांचा पिंजरा लावा. शेवटी जुन्या गाडीचे काय उरते? नंबर आणि दिवे.

हे ऐकून आम्हाला भिवंडी-मालेगावचे माग आठवले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग आपल्या लोकांनी नेले, दुरुस्त केले आणि त्यावर पिढ्या पोसल्या. जुने यंत्र उभे करणे हे काम आपल्याला कोणी शिकवायला नको. पण जुन्या सांचाला जोराची मोटर लावून चाल वाढवणारेही आम्ही पाहिले आहेत. आठवडाभर कापड जास्त निघते. मग ताण्याच्या तारा तुटू लागतात, धोटा उडतो, फणी खराब होते, आणि कारागीर दिवसभर गाठी मारत बसतो. चाल वाढवली एका जागी, किंमत दिली दहा जागी.

माग आणि मोटार यांचे नाते

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कापडवाल्यांच्या मानाची आहे. टोयोटा कंपनीचा जन्म मागाच्या पोटातून झाला आहे. साकिची टोयोदा हा मूळचा मागाचा संशोधक. १९२४ मध्ये त्याने जी-प्रकारचा स्वयंचलित माग पुरा केला. त्यात बाण्याचे सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई, आणि तार तुटली की माग स्वतःच थांबे. खराब कापड पुढे जाऊ द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. पुढे मोटारीच्या कारखान्यातही याच विचारावर काम चालले.

१९२६ मध्ये माग बनवण्याची कंपनी निघाली. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रकंपनीशी या मागाच्या हक्कांचा एक लाख पौंडांचा करार झाला. एके काळी जपान इंग्लंडची यंत्रे विकत घेत होता, तो आता इंग्लंडला हक्क विकू लागला. साकिचीचा मुलगा किइचिरो याने मोटारीचा ध्यास घेतला, १९३३ मध्ये मागाच्या कंपनीतच मोटारीचे खाते उघडले आणि १९३७ मध्ये वेगळी मोटार कंपनी उभी राहिली. आपल्याकडे मारुतीमुळे घरोघर पोहोचलेली सुझुकी कंपनीही अशीच. तिची सुरुवात १९०९ मध्ये हामामात्सु गावात मिचिओ सुझुकीने मागाच्या कारखान्याने केली.

नागोयात जुन्या कापडगिरणीच्या जागेवर टोयोटाने १९९४ मध्ये संग्रहालय उघडले आहे. अर्ध्या भागात माग आणि सूत, अर्ध्या भागात मोटारी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. चालू माग पाहताना भाचा कंटाळला, मोटारी पाहताना आम्ही थकलो. पण दोघांनाही कळले की हा एकच धंदा आहे. लोखंडाकडून चोख काम करून घेण्याचा.

मालकाने काय ठरवले

अरिमात्सुच्या व्यापाऱ्याने दुसरा रस्ता धरला. कारण विचारले तर म्हणाला, "पहिल्याला माझ्याकडे पैसे नाहीत, तिसऱ्याला माझ्याकडे वय नाही." पण त्याने दोन अटी घातल्या. एक, मूळ इंजिन फेकायचे नाही. तेल लावून पेटीत ठेवायचे. दोन, गाडीचा मूळ पत्रा इंजिनसाठी कापायचा किंवा ठोकायचा नाही. उद्या मुलाला वाटले तर त्याला मूळ इंजिन बांधून परत बसवता आले पाहिजे.

दुसरी अट बोलायला सोपी, करायला अवघड. वीस वॉल्व्हचे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या गाडीसाठी, बॉनेटखाली आडवे बसवायला बनवलेले. हाचिरोकुमध्ये इंजिन उभे बसते. ते फिरवून उभे केले की हेडच्या मागच्या टोकाचा डिस्ट्रिब्युटर इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला अडतो. पुष्कळ कारखानदार हातोडा घेऊन ती भिंत आत ठोकतात आणि काम उरकतात. उस्तादाने तसे केले नाही. डिस्ट्रिब्युटरच काढून त्या जागी झाकण बसवले, प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी कॉइल दिली, आणि ठिणगी व पेट्रोल यांचे वेळापत्रक नव्या कंट्रोल युनिटमध्ये भरले. पाण्याची वाटही तशीच भिंतीकडे निघत होती, ती नवे नळ घालून वळवली. खालचे ऑइल पॅन मात्र जुन्याच इंजिनाचे घेतले, कारण उभ्या बैठकीला तेच बसते. जुना गिअरबॉक्स या घराण्याच्या इंजिनाला जुळतो, म्हणून तो राहिला.

कागदाचाही फायदा झाला. जपानात गाडीच्या दाखल्यावर इंजिनाचा प्रकार आणि सीसी लिहिलेले असतात, आणि खाजगी गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. परके इंजिन बसवले की रचना बदलल्याची वेगळी तपासणी, वेगळे कागद. इथे घराणे एक, सीसी एक, ब्लॉकवरचा शिक्काही तोच, '४-ए'. करसुद्धा बदलला नाही. एवढे खरे की जपानात तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीला कर जास्त. दीड ते दोन लिटरच्या अशा गाडीला वर्षाला ४५,४०० येन भरावे लागतात. जुने जपणाऱ्याकडून तिथले सरकार दंड घेते, असे मालक थोड्या रागाने म्हणाला.

एक नुकसान आणि त्याची वाटणी

सगळे सुरळीत झाले असे नाही. बाजारातून आणलेले वीस वॉल्व्हचे इंजिन विकणाऱ्याने चालू म्हणून दिले होते. उस्तादाने बसवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तीन बरोबर, चौथा खूप कमी. उघडले तर वॉल्व्ह जळालेला आणि रिंग तुटलेली. विकणाऱ्याने हात वर केले. जुना माल, जसा आहे तसा, असे कागदावर लिहिले होते.

उस्तादाने मालकाला बोलावले, तुटलेली रिंग त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "इंजिन पसंत मी केले. उघडून न पाहता मी घेतले. दुरुस्तीच्या भागांचे पैसे तुम्ही द्या, मजुरी माझी." काम दोन महिने लांबले. मालकाने पुढे आम्हाला सांगितले की त्या दिवसापर्यंत तो उस्तादाला गिऱ्हाइकासारखा भेटत होता, त्या दिवसापासून मित्रासारखा भेटू लागला.

आमच्या कापडाच्या बाजारात गाठ फोडल्यावर आत डागी माल निघाला की काय होते ते वाचकांना माहीत आहे. मिलवाला आढत्याकडे बोट दाखवतो, आढत्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे, आणि शेवटी किरकोळ दुकानदार तो कापून सेलमध्ये विकतो. डाग दाखवून विकला तर दोन पैसे कमी येतात, पण गिऱ्हाईक परत येते. त्या उस्तादाने दोन महिन्यांची मजुरी देऊन हेच विकत घेतले.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा गाडी तयार होती. वर पांढरी, खाली काळी, अगदी १९८५ सारखी. आम्हाला बाजूला बसवून मालकाने शहराबाहेर एक चक्कर मारली. आम्हाला गाड्यांतले कळत नाही. पण चढावर इंजिन वर फिरू लागले तेव्हा तो साठीचा माणूस एकदम तरुण दिसला. मागच्या सीटवर कापडाचे नमुने होते. माल पोहोचवायला तो तीच गाडी नेत होता.

कंपनीचे स्वतःचे मत

जुन्या गाडीत दुसरे इंजिन घालणे म्हणजे भेसळ, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अगदी चूक नाही. बाजारात शेवटी सर्वांत जास्त दाम मूळ, अस्पर्श गाडीलाच येतो. निस्सानची १९७१ सालची डॅटसन २४०-झेड ही गाडी, फक्त एकवीस हजार मैल चाललेली आणि मूळ रूपातली, २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. नवी होती तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. इंजिन बदललेल्या गाडीला असा भाव येत नाही.

पण खुद्द टोयोटाने दोन्ही रस्ते खुले ठेवले आहेत. कंपनी जुन्या गाड्यांचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवून विकू लागली, आणि २०२१ मध्ये त्यात हाचिरोकुच्या ब्रेक आणि स्टिअरिंगचे काही भागही घेतले. दुसरीकडे २०२३ च्या जानेवारीत तोक्योच्या मोटार प्रदर्शनात कंपनीने दोन हाचिरोकु मांडल्या. एकीत मूळ इंजिनच थोडे बदलून हायड्रोजनवर चालवले होते, टाक्या मागे बसवल्या होत्या. दुसरीतून इंजिन काढून विजेची मोटर घातली होती, पण हाताचा गिअर ठेवला होता. लोक ज्या गाड्यांवर जीव लावतात त्या धूर-प्रदूषणाच्या नव्या नियमांत मागे पडू नयेत, असा त्यामागचा हेतू कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष अकिओ टोयोदा यांनी सांगितला. हे अकिओ म्हणजे मागवाल्या साकिचीचे पणतू.

आपल्यासाठी मतलब

आता आमच्या स्वतःच्या अकलेची गोष्ट. १९९४ मध्ये दुकानाच्या मालासाठी आमच्याकडे पेट्रोलची जुनी व्हॅन होती. पेट्रोल परवडेना म्हणून एका मिस्त्रीकडून तिला डिझेल इंजिन बसवून घेतले. काम चांगले झाले होते. पण आर.सी. बुकात नवा इंजिन नंबर चढवायचे राहिले. मिस्त्री म्हणाला, करू; एजंट म्हणाला, करू; आम्ही म्हणालो, करू. १९९७ मध्ये नाशिकहून येताना घाटात व्हॅन उलटली. ड्रायव्हर बचावला, हे मोठे. व्हॅन गेली. विमावाल्यांनी तपासले तर कागदावर पेट्रोल इंजिनाचा नंबर, गाडीत डिझेल. दावा परत आला. दोष कोणाचा? विमा कंपनीचा नाही, मिस्त्रीचाही नाही. गाडी आमच्या नावावर होती. त्या वर्षी दुकानाची उधारी फेडताना आम्हाला घरातले दागिने मोडावे लागले. म्हणून नागोयाच्या उस्तादाने इंजिनाच्या गोष्टीत सर्वांआधी दाखल्यावरचा शिक्का दाखवला, तेव्हा आम्हाला घाटातली ती व्हॅन दिसली.

आपल्याकडचा कायदा वाचकांनी नीट समजून घ्यावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आर.सी. मधल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ. ची मंजुरी घ्यावी लागते, आणि बदलल्यावर चौदा दिवसांत कळवून नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. गॅस किंवा विजेवर गाडी नेण्यासाठी मंजूर किट बसवण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. तीही नोंद करूनच.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम झाले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्याच्या घरी वडिलांची जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर उभी आहे, त्याने मिस्त्रीच्या सांगण्यावरून मूळ इंजिन भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. इंजिनासोबत त्या नंबराचा हक्कही भंगारात जाईल.

जुन्या बॉडीत जपानी इंजिन ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने ११८ एन.ई. या गाडीत फियाटच्या घडणीच्या बॉडीला निस्सानचे इंजिन दिले होते. अॅम्बेसेडरला नव्वदच्या दशकात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले आणि म्हातारी पुन्हा पळू लागली. फरक इतकाच की ते काम कारखान्यात झाले, कागदासकट झाले.

आपल्या वस्त्यांत डेंटिंग-पेंटिंगवाले, वेल्डर, सीटकाम करणारे, लेथवाले असे हुन्नरी कारागीर पुष्कळ आहेत. जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करून घेणारे शौकीनही आता आपल्या शहरांत वाढले आहेत, आणि ते लांबी भरणाऱ्याला शोधत येत नाहीत. आमच्या कारागीर भावांनी नागोयाच्या उस्तादाकडून चार गोष्टी घ्याव्यात. काम हाती घेण्यापूर्वी सगळे रस्ते आणि त्यांचा खर्च गिऱ्हाइकाला लिहून द्या. जे कापले की परत जोडता येत नाही ते कापण्याआधी मालकाला विचारा. जुना माल विकत घेताना उघडून, मोजून घ्या. आणि गाडी कारखान्यातून बाहेर काढण्यापूर्वी कागद पुरे करा.

मध्यंतरी भाच्याचा फोन आला. अरिमात्सुचा तो व्यापारी आता थकला आहे, गाडी मुलगा चालवतो. मुलाने पेटीतले मूळ इंजिन बाहेर काढून उस्तादाला दाखवले म्हणे. उस्तादाने तपासून सांगितले की ब्लॉकला आतून लोखंडी नळी बसवली तर ते वाचेल. मुलाने अजून काही ठरवलेले नाही. पण ठरवायला त्याच्याकडे इंजिनही आहे आणि न ठोकलेला पत्राही आहे.